हौदावरचा झेंडा

१

ती येणार म्हणून मी सकाळी दोन कप चहा केला. माझा पिऊन झाला. तिच्या चहावर साय धरली, तरी ती आली नाही.

बायको तिच्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या गावी गेली होती. खरं तर ती आणखी एक दिवस राहून यायची होती, पण आदल्या संध्याकाळी फोन आला. "उद्या पहिल्याच बसने येते. बहीण आता मला शिव्या घालायला लागलीय, म्हणजे बरी झाली." तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ जेवत होतो. ती घरी नसली की तो माझ्याकडेच जेवायला यायचा. मी त्याला म्हटलं, "तुझी वहिनी उद्याच येतेय." तो हसला, आणि भूक नाही म्हणून अर्ध्या ताटावरून उठला.

दुपारी गुराखी पळत आला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण एकदा सुरू झाला की तो बंद होत नाही. त्या दिवशी तो दारात नुसता उभा राहिला.

"दादा... कुरणात चला. वहिनी..."

आमचं कुरण सगळ्यांच्या मालकीचं. त्याचे तारेच्या कुंपणाने पट्टे पाडलेत. ती कुंपणं मी घातलीत, तोच माझा धंदा. गुरं एका पट्ट्यात चरतात, मग पुढच्या पट्ट्यात जातात, तोवर मागचं गवत वाढतं. प्रत्येक पट्ट्याला पाणी पुरवणं हे माझ्या बायकोचं काम. कुरण समितीने ते तिला दिलं होतं, आणि तिने ते घरच्या कामापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. टेकडीवरच्या टाकीचा मोठा व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी ती कायम पिशवीत ठेवायची. बहिणीकडे जातानाही ती चावी घेऊन गेली होती. "कुणी उगाच फिरवायला नको," म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे आता अख्खं कुरण तुझ्या पिशवीत." ती म्हणाली, "हो, आणि तू पिशवीबाहेर. जेवण वेळेवर घे."

आम्ही शेवटच्या पट्ट्यात पोचलो. हौद काठोकाठ भरलेला होता आणि त्याच्या भोवती गुरं मरून पडली होती. बहुतेक वासरं, काही गाई. काही अजून जिवंत होती, पण आंधळ्यासारखी चालत तारेला धडकत होती. जमिनीवर लाल लघवीची थारोळी होती. हौदाच्या पाण्यावर हिरवट-पांढरे पापुद्रे तरंगत होते.

बायकोची पिशवी हौदाजवळच्या खांबाला अडकवलेली होती. खाली तिची एक चप्पल पडली होती.

ती स्वतः वर होती, टेकडीच्या चढावर, टाकीच्या व्हॉल्व्हपाशी. पालथी. एका पायात चप्पल, हातात ती चावी. मी तिला उलटी केली. तिचा चेहरा दमलेल्या माणसाचा होता. घाबरलेला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकायला कुणी नव्हतं. सगळे खाली गुरं बघत होते.

माणसांच्या डॉक्टरने सांगितलं, हृदय बंद पडलं. समितीच्या अध्यक्षांनी वेगळंच सांगितलं, आणि तेही माझ्या अंगणात, लोक बसलेले असताना.

"शेवाळ मारायला ती हौदात मोरचूद टाकायची, हे सगळ्यांना माहीत आहे. या वेळी जास्त पडलं. गुरं पडताना पाहिली, आणि धसक्याने गेली. वाईट झालं. पण पाणी तिनेच नासवलं."

मी कुंपणाची तार ओढून ताणणारा माणूस आहे. त्या वेळी एक शब्द ओढून बाहेर काढता आला नाही.

२

गुरांच्या डॉक्टरबाई गुरं पडली त्याच दुपारी शहरातून आल्या होत्या. बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मेलेल्या गुरांच्या पापण्या उलट्या करून त्यांनी पाहिल्या. पाण्याच्या बाटल्या भरल्या. एक पापुद्रा बोटांत चुरून वास घेतला आणि कागदात बांधून ठेवला. मग हौदात वाकून बघत राहिल्या.

"तळाला फळी का आहे?"

"पाखरं पाण्यात पडली तर चढून बाहेर यावीत म्हणून," मी म्हटलं. "तिनेच माझ्याकडून करून घेतलेली. ती वर तरंगते."

"तरंगत तर नाहीये."

"लाकूड आहे बाई. बुडेल कसं?"

"तेच विचारतेय," त्या म्हणाल्या.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात ठरली. हौद फोडायचा, कुरणाचं पाणी बंद करायचं आणि गुरं ज्याने त्याने आपल्या दारी बांधायची, असा अध्यक्षांचा विचार होता. म्हणजे तिने उभं केलेलं सगळंच गेलं असतं, आणि वर नाव राहिलं असतं ते विष घालणारी म्हणून. मी बाईंच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक बकरी ओरडत होती आणि बाई तिच्या खुरातला काटा काढत होत्या.

मी म्हटलं, "माझ्या बायकोने हे केलं असेल तर मला सांगा. नसेल केलं तर त्यांना सांगा."

बाईंनी काटा काढला, बकरी सोडली, हात धुतले.

"पाण्याचा अहवाल आला आज. मोरचूद नाही. कसलंच विष नाही. त्या हौदातलं पाणी मी स्वतः पिऊ शकते."

"मग गुरं कशाने मेली?"

"पाण्यानेच," बाई म्हणाल्या.

३

बाईंनी मला स्टुलावर बसवलं.

"मोरचुदाने लघवी लाल होते, पण पापण्या आतून पिवळ्या पडतात. इथे एकही पिवळी नव्हती. दुसऱ्या एका कारणानेही लघवी लाल होते. गुरं दोन-तीन दिवस तहानलेली राहिली, वर तिथे आहे तशी चाटायला मिठाची वडी असली, आणि मग एकदम पोटभर पाणी मिळालं, तर ते पाणीच अंगात विषासारखं फिरतं. मेंदूला सूज येते. डोळ्यांना दिसेनासं होतं. वासरं आधी जातात. तहानलेल्या गुराला पाणी थोडं थोडं द्यायचं असतं."

"हे तिला माहीत होतं," मी म्हटलं. "एकदा पंप बिघडला होता, तेव्हा तिने बादलीने पाजलं होतं. अध्यक्षांच्या म्हशीनं लाथ मारली, तरी पूर्ण बादली दिली नाही."

"मग आता मला सांगा, हौद कोरडा होता हे कुणाला कळलं कसं नाही?"

त्यासाठी आम्ही रेडिओकडे गेलो. तो गोठ्यात बसला होता. त्याने कुणाशी बोलणं टाकलं होतं, पण बाईंनी एक प्रश्न विचारला आणि तो सुरू झाला.

"बाई, मी रोज बघत होतो हो! शपथ घेतो. माझ्यावर मेंढरांचा वरचा पट्टापण होता, म्हणून रस्त्यावरून बघायचो. हौदावर वहिनींनी झेंडा लावलाय. पाण्यावर तरंगणारा गोळा आहे ना, त्याच्या दांड्याला पत्र्याचा लाल झेंडा. पाणी भरलं की गोळा वर, झेंडा वर. पाणी संपलं की झेंडा खाली. वहिनी म्हणायच्या, एवढ्या लांब कशाला पाय तोडतोस, झेंडा बघ. तो वरच होता! ताठ! हलतसुद्धा नव्हता, पहारेकऱ्यासारखा उभा."

"गुरं हंबरत नव्हती?"

रेडिओचा आवाज एकदम खाली गेला. "हंबरत होती. मला वाटलं, वहिनी नाहीत म्हणून."

बाहेर आल्यावर बाई थांबल्या. "एवढी गुरं हौदावर पाणी प्यायची, तर गोळा खाली-वर व्हायला हवा. झेंडा दिवसभर नाचायला हवा."

मला ते कळत होतं. पण त्याचा अर्थ डोक्यात शिरत नव्हता.

पंप सांभाळणारा माणूस पाना म्हणून ओळखला जातो. त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असतो, लग्नातसुद्धा. तो आम्हाला बघताच बोलायला लागला.

"माझ्यावर येऊ नका. पंप ठणठणीत आहे. विहिरीतून टाकीत पाणी असं चढतंय की टाकी सारखी सांडत होती. विचारा कुणालाही. तीन दिवस सांडत होती!"

"वरचा व्हॉल्व्ह?"

"तो सगळा उघडा. गुरं त्या पट्ट्यात असली की तो उघडाच असतो. बंद करायचा तर चावी लागते, आणि चावी वहिनींजवळ. बरं, त्या दिवशी मी पाहिलं तेव्हा तो अर्धा बंद होता. म्हणून तर अध्यक्ष म्हणतात, त्यांनीच काहीतरी फिरवाफिरवी केली. चावी दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच की."

"बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "चावी दुसऱ्या कुणाकडे नव्हती."

पाना खूश झाला. मला मात्र वाटलं, बाईसुद्धा त्यांच्याच बाजूला गेल्या.

४

रस्त्यात बाईंनी विचारलं, "टाकी सांडली तर ते पाणी कुठे जातं?"

"रोपवाटिकेत. समितीचा जुना नियम आहे. गुरांचं भागून जे सांडेल ते रोपवाटिकेचं. उन्हाळ्यात फारसं सांडत नाही. गुरंच सगळं पितात."

"रोपवाटिका कुणाची?"

"माझ्या धाकट्या भावाची."

बाई रोपवाटिकेच्या वाटेला वळल्या. मीही मागे गेलो.

धाकटा रोपांच्या रांगेत उकिडवा बसला होता. माझ्या बायकोने त्याला शाळेत असल्यापासून वाढवलं. आमची आई लवकर गेली. त्याला ताप आला की तो वहिनी म्हणूनच हाक मारायचा. मला बघून त्याचे डोळे भरले.

"दादा, अध्यक्ष काय बोलतोय ऐकलंस? वहिनी विष घालेल? जीभ झडेल त्याची."

"विष नव्हतंच," बाई म्हणाल्या.

त्याने चटकन वर पाहिलं. "नव्हतं? मग?"

"बघू. तुमची रोपं छान आहेत. एवढ्या उन्हात एकही पान मलूल नाही."

"हो... जगली."

सगळी रोपं काठ्यांना बांधलेली होती, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. काठीला एक वेढा, मध्ये फुली, मग रोपाला एक वेढा. फुली मध्ये असली की काठी खोडाला घासत नाही. ही आमच्या वडिलांची पद्धत. मीही लहानपणी अशीच रोपं बांधलीत. पुढे मी तारेकडे वळलो, तो रोपांकडे.

बाईंनी एक पट्टी बोटाने चाचपली. "वहिनी परत कधी येणार, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"दादाने जेवताना सांगितलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसायला गेला, आणि ते हसू त्याच्या चेहऱ्यावर बसलं नाही.

मला ते अर्धं ताट आठवलं. मी स्वतःला म्हटलं, माणसाला भूक नसू शकते.

५

बैठक बाईंनी हौदापाशीच घ्यायला लावली. अध्यक्ष, रेडिओ, पाना, धाकटा, मी आणि ज्यांची गुरं गेली ते सगळे. अध्यक्षांनी हौद फोडायला घण आणवून ठेवला होता. तो तिथेच गवतावर पडला होता.

"आधी हौद रिकामा करा," बाई म्हणाल्या. "फोडायला सोपा जाईल."

रेडिओने तळाचं बूच काढलं. पाणी वाहून जाताना बाई बोलत होत्या. दवाखान्यात औषध सांगताना बोलतात तशाच.

"पाण्यावरचे पापुद्रे म्हणजे वाळलेलं शेवाळ. भरलेल्या हौदात शेवाळ ओलं, बुळबुळीत असतं. हौद कोरडा पडला की ते वाळून सुटतं आणि परत पाणी आलं की वर तरंगतं. तुम्ही त्याला मोरचूद समजलात. ही फळी गाळात रुतली, गाळ वाळला, फळी धरून बसला. म्हणून पाणी आलं तरी ती वर आली नाही. म्हणजे हौद दोन-तीन दिवस तरी कोरडा होता."

"झेंडा वर होता!" रेडिओ ओरडला.

"हो. बघा."

बाईंनी हात घालून तरंगता गोळा वर उचलला. लाल झेंडा उभा राहिला. नळीतून हौदात पडणारं पाणी तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी गोळा सोडला. झेंडा पडला, पाणी धो धो सुरू झालं. परत उचलला. झेंडा वर, पाणी बंद.

एवढी वर्षं आम्ही ते बघत होतो. गोळा वर गेला की नळ बंद होतो, हेही माहीत होतं. झेंडा वर असला की पाणी असतं, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच दांड्यावर आहेत, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"ज्याला हौदाचं पाणी तोडायचं होतं, त्याला वरचा व्हॉल्व्ह बंद करता येत नव्हता. चावी वहिनींच्या पिशवीत, दुसऱ्या गावी. म्हणून त्याने गोळा वर बांधून टाकला. एका बांधण्यात दोन कामं. पाणी बंद, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला हौद भरलेला. म्हणूनच झेंडा हलत नव्हता. म्हणूनच भर उन्हाळ्यात टाकी सांडत होती."

पानाने खिशातला पाना घट्ट धरला. बाकीच्यांच्या माना हळूहळू रोपवाटिकेकडे वळल्या. मी वळवली नाही.

"त्या सकाळी बांधलेलं सोडलं गेलं, कारण वहिनी लवकर येताहेत हे कुणाला तरी कळलं होतं. हौद भरायला लागला, तहानलेली गुरं तुटून पडली. वहिनी बसमधून उतरल्या, त्यांना झेंडा खाली आणि गुरांची गर्दी दिसली. धावत इथे आल्या. पिशवी खांबाला, चप्पल इथे. कोरड्या हौदाच्या कडा पाहिल्या आणि त्यांना समजलं. तहानलेली गुरं एकट्या माणसाला हाकलता येत नाहीत. पाणी थांबवायचा एकच मार्ग होता, वरचा व्हॉल्व्ह. उघडा व्हॉल्व्ह अर्धा बंद सापडला. त्या तो उघडत नव्हत्या, अध्यक्षसाहेब. बंद करत होत्या. अर्ध्यावर त्यांचं हृदय थांबलं."

अध्यक्ष खाली बसले. जमिनीवरच.

हौद आता रिकामा झाला होता. तळाच्या चिखलात फळीशेजारी काहीतरी काळं होतं. मी आत उतरलो आणि ते उचललं. सायकलच्या ट्यूबची पट्टी. एका बाजूला चाकूने कापलेली. दुसऱ्या बाजूचा वेढा तसाच होता, आणि मध्ये फुली.

मी वर पाहिलं. धाकटा माझ्या हाताकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "रोपं मरत होती. सगळी मरत होती. दोन-तीन दिवसांचा प्रश्न होता फक्त."

"आणि गुरं?"

"खाली ओढा आहे ना! ओढ्यावर पितील म्हटलं. ओढ्याला डबकी असतात उन्हाळ्यात. दादा, मी कसाई नाही. ओढ्यावर जातील असंच वाटलं मला."

मी म्हटलं, "ओढ्याचं फाटक बंद आहे. गुरं काठ तुडवून ढासळवतात म्हणून तुझी वहिनी जाताना बंद करायला सांगून गेली. मी बंद केलं."

तो गुडघ्यांवर आला. रेडिओ रडायला लागला. पाना मान दुसरीकडे फिरवून उभा होता. एवढ्या माणसांत घणाकडे कुणी बघत नव्हतं.

"सकाळी सोडलंत तेव्हा गुरं कशी होती?" बाईंनी विचारलं.

"हौद चाटत होती," तो म्हणाला. "मला वाटलं, आता पाणी मिळेल, बरी होतील. मी थांबलो नाही."

"वहिनी दिसल्या?"

"नाही. मी तेव्हा घरी आलो होतो. हात धूत होतो."

६

हौद फोडला नाही. अध्यक्ष माझ्या अंगणात आले, ज्या जागी बसून बोलले होते तिथेच बसले, आणि लोकांसमोर आपले शब्द परत घेतले. झेंडा आता गोळ्यावर नाही. पानाने तो वेगळ्या डब्यावर बसवलाय. तो डबा नुसता पाण्यावर असतो, नळाशी त्याचा संबंध नाही. शिवाय रेडिओ रोज हौदापाशी चालत जातो आणि पाण्यात हात बुडवून येतो. न विचारता सांगतोसुद्धा, "आज हात कोपरापर्यंत ओला."

धाकट्याला पोलीस घेऊन गेले आणि जामिनावर सोडलं. खटला चालेल तेव्हा चालेल. तो रोज संध्याकाळी माझ्या कुंपणापर्यंत येतो आणि उभा राहतो. मी दार उघडत नाही, आणि जा असंही म्हणत नाही.

ती नेहमी म्हणायची, एका हौदाच्या भरवशावर एवढी गुरं ठेवू नयेत. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अजून एक हौद हवा. खड्डा तिने उन्हाळ्याआधीच खणून घेतला होता. टाकीपासून नळी आम्ही दोघांनी मिळून अर्ध्या उतारापर्यंत आणली. नळीला नळी जोडायला दोन माणसं लागतात, एकाने एक टोक धरायचं आणि दुसऱ्याने दुसरं फिरवायचं. टोक ती धरायची.

बाकीच्या नळ्या खांबाला टेकवून ठेवल्यात. अजून जोडलेल्या नाहीत.